हरणी खातीया का?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. "कुठे गायब आहेस?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना "गावाकडे आहे" एवढंच सांगत होते. खरं कारण एक घोडी आहे. तिच्याबद्दल लिहावं की नाही यावर पुष्कळ विचार केला, कारण या गोष्टीत माझा शहाणपणा फारसा नाही. पण परवा सांगलीच्या आत्याचा फोन आला, "अगं, अण्णांची घोडी तुझ्या हातात मरता मरता वाचली म्हणे?" म्हणजे गोष्ट घराघरात फिरलीच आहे, तीही तिखटमीठ लावून. मग म्हटलं, आपणच सांगितलेली बरी.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. राहणार गगनबावडा. उभी हयात एस.टी. चालवली, त्यातली बरीच वर्षं करूळ आणि भुईबावडा घाटात. निवृत्त झाल्यावर माणसं ज्ञानेश्वरी वाचतात, तीर्थयात्रा करतात. आमच्या अण्णांनी घोडी घेतली. कागलच्या बाजूच्या एका मेंढपाळाकडून. बिऱ्हाड पाठीवर घेऊन ती वर्षानुवर्षं बकऱ्यांच्या कळपामागून चालली होती: भांडीकुंडी, घोंगडी, चालता न येणारी कोकरं आणि वर बांधलेल्या दोन कोंबड्या. आता ओझं झेपत नाही म्हणून तो ती विकायला निघाला होता. अण्णांनी विचारलं, "वय काय?" तो म्हणाला, "धा-अकरा असंल." या गोष्टीला १४ वर्षं झाली.

ही आमची हरणी. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका, उंचीनं माझ्या खांद्याएवढीसुद्धा नाही. महाराष्ट्राच्या राज्यगीतात ज्या भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे ना, त्या वाणाची असावी असं अण्णांचं म्हणणं. (अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून अण्णांनी तिच्याकडे बघायची नजरच बदलली. काकी म्हणते, "माझ्याकडं कवा असं बगितलं न्हाई.") कुणी तिच्यावर बसत नाही. सकाळी अण्णांबरोबर चहाच्या टपरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच तिचं काम.

तर झालं असं की, गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा शेवाळलेल्या अंगणात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापूरला ऑपरेशन झालं आणि तिथेच माझ्या चुलतभावाकडे अडीच-तीन महिने मुक्काम ठरला. काकी त्यांच्यासोबत गेली. माझं काम घरून चालतं, म्हणून मी म्हटलं, मी राहते बावड्याला. लॅपटॉप घेऊन गेले. पाऊस, धुकं, गगनगड, गरम भजी... मनात काय काय रंगवलं होतं ते आता सांगत नाही.

अण्णांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. स्वतःच्या पायाबद्दल एक अक्षर नाही. पहिला प्रश्न, "हरणी खातीया का?"

आणि मी रोज सांगायची, "खातीय की अण्णा, दिवसभर खातीय."

हे खोटं नव्हतं. ती खरंच दिवसभर खात होती.

गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी बघितलेला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस तिथे पडतो. जुलैत आठ-आठ दिवस समोरचं घर दिसत नाही. अण्णांनी मे महिन्यात माळ्यावर वाळल्या गवताची बेगमी करून ठेवली होती, पण एका कोपऱ्यातलं कौल सरकलं आणि निम्मी वैरण भिजली. तिला काळी-पांढरी बुरशी धरली. बुरशीची वैरण घोड्याला घालायची नाही, त्यानं पोटशूळ होतो, दमा लागतो, एवढं मला माहीत होतं. म्हणून ती मी फेकून दिली. इथपर्यंत बरोबर. पण तिच्याऐवजी दुसरी वाळली वैरण मी आणलीच नाही. सगळीकडे गुडघ्याएवढं हिरवंगार गवत माजलेलं, आणि वैरणीची काळजी कसली करायची? शेजारचा पोरगा रोज दोन भारे कापून आणून टाकायचा. शिवाय अण्णांनी सांगितल्याप्रमाणे भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी दोन वेळा. हरणीचं पोट टुमटुमीत. पाठीवर धनगरी घोंगडं. थंडीपावसानं अंगावर दाट केस आलेले. मी तिचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचे. सगळे म्हणायचे, छान बाळसं धरलंय म्हातारीनं.

आता मागे वळून बघताना एकेक गोष्ट आठवते आणि स्वतःचाच राग येतो. तिच्या गव्हाणीखाली रोज सकाळी चघळलेल्या गवताचे बोळे पडलेले असायचे. ऊस खाऊन टाकलेल्या चोयट्यांसारखे, लांबट, लाळेनं चिकटलेले. मी रोज ते झाडून उकिरड्यावर टाकायची. मला वाटायचं, नखरे. कोवळं तेवढं खाते आणि जून थुंकते. आणि उकिरड्यावर ऑगस्टमध्ये हरभऱ्याचे कोंब आले होते! हिरवे, लुसलुशीत. मी त्याचाही फोटो काढला होता, "बावड्यात उकिरडासुद्धा हिरवा होतो" असं काहीतरी लिहून. हरभरा तिथे आला कुठून, हा प्रश्न मला पडला नाही.

गणपतीच्या आधी अण्णा परत आले. वॉकर घेऊन गाडीतून उतरले ते घरात न शिरता सरळ गोठ्याकडे. हरणीनं फुरफुर केली. अण्णांनी तिच्या मानेवरून हात फिरवत घोंगड्याखाली घातला, पाठीच्या कण्यावरून मागे नेला, बरगड्यांवर थांबले. मग घोंगडं ओढून खाली टाकलं.

कणा वर आलेला. कण्याच्या दोन्ही बाजूंना खोलगट. मागचा भाग कौलारू छपरासारखा उतरता, शेपटीच्या मुळाशी हाडं टोकदार. आणि खाली ते टुमटुमीत पोट.

"अण्णा, ती रोज खात होती..."

"पोट फुगलंया म्हंजे अंग धरलंया न्हवं, पोरी."

एवढंच बोलले. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गावातले लोक यायचे, बघायचे आणि म्हणायचे, "म्हातारी झाली, वाळणारच की." मला त्या वाक्याचा फार आधार वाटला, खरं सांगते. म्हणजे चूक कुणाचीच नाही, वयाची. पण अण्णांना ते वाक्य मान्य नव्हतं. आमच्याकडच्या डॉक्टरांचा हात गायी-म्हशींवर बसलेला, घोड्याच्या तोंडात हात घालायला ते धजेनात. शेवटी कोल्हापूरहून घोड्यांची माहिती असलेले एक डॉक्टर आणले. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तोंड उघडं ठेवायची लोखंडी पकड लावली आणि बॅटरीच्या उजेडात मला आत बघायला लावलं.

घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून थोडे थोडे वर येत राहतात आणि चावून चावून तेवढेच झिजत जातात. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. लांबलचक दाढेचा साठा जबड्यात असतो, आणि पंचविशीच्या पुढे तो संपत येतो. मग दाढा हलतात, पडतात, किंवा नुसत्या गुळगुळीत होतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना गालाच्या बाजूनं आणि खालच्यांना जिभेच्या बाजूनं धारदार कडा येतात. हरणीच्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा गेलेल्या होत्या. त्यांच्या समोरची वरची दाढ, घासायला काहीच नसल्यानं, खाली वाढून आली होती. गालाच्या आत जखमा होत्या. वय त्यांनी पुढच्या दातावरच्या खाचेवरून पंचविशीच्या आसपास सांगितलं (ही खूण अगदी पक्की नसते, असंही म्हणाले).

म्हणजे माझी हरणी अडीच महिने दिवसभर चावत होती आणि खात मात्र नव्हती. गवत तोंडात घोळवायचं, पिळून रस गिळायचा, चोथा टाकून द्यायचा. हरभरे निम्मे तोंडातून गळायचे. ते मी केरात भरून उकिरड्यावर न्यायची, आणि तेच तिथे उगवले. उरलेले अख्खेच्या अख्खे लिदीतून पडायचे.

डॉक्टरांनी कानशीनं धारदार कडा तेवढ्या घासल्या. फार नाही, कारण म्हाताऱ्या जनावराच्या दाढेत घासायला उरलेलंच कमी असतं. मग गोठ्याच्या ओट्यावर बसून त्यांनी मला एक साधा हिशेब घातला. पावसाळी कोवळ्या गवतात पाचातले चार भाग पाणी. एवढ्या लहान घोडीलासुद्धा दिवसाला साडेचार किलो तरी कोरडं अन्न पोटात जायला हवं. म्हणजे असलं हिरवं गवत २२ किलोच्या वर खायला हवं. तेही चांगल्या दाढांनी. "आता तुम्हीच सांगा," म्हणाले.

मी काय सांगणार.

त्या आठवड्यात मला शिवाजी महाराजांचं ते पत्र आठवलं. १६७० च्या दशकातलं, चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. रयतेच्या भाजीच्या देठाचं पत्र म्हणून आपण ते ओळखतो. पण त्यातला मोठा भाग घोड्यांच्या पावसाळ्याच्या बेगमीबद्दल आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा रोख. उंदरानं दिव्याची जळती वात पळवून नेली तर गवत पेटेल, इथपर्यंत त्यात बारकावा आहे. शाळेत शिकताना वाटायचं, एवढा मोठा राजा, आणि गवताची काय एवढी चिंता! सगळं रान हिरवं असताना घोडी उपाशी कशी मरेल, हा प्रश्न तेव्हाही पडला नव्हता. आता उत्तर माझ्या गोठ्यात उभं होतं.

असो. पुढचं सांगते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मला वाटलं होतं, आता भरपूर खायला घातलं की झालं. डॉक्टरांनी आधी तेच बंद केलं. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. वाळलेल्या जनावराला दयेपोटी घमेलंभर चंदी घातली तर पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांत सूज उतरून ते कायमचं लंगडं होतं. बदल करायचा तो दहा-बारा दिवसांत, मूठमूठ वाढवत. आणि दोन वेळचं खाणं चार वेळांवर आणायचं.

कोल्हापुरातून वाळल्या लसूणघासाच्या गाठी आणल्या. शिरोळकडून चांगला कोरडा कडबा आणि मऊ गवत. सगळ्याची बारीक कुट्टी करायची आणि कोमट पाण्यात तासभर भिजवायची, पार लगदा होईपर्यंत. कोरडी कुट्टी बोळक्या घोड्याच्या घशात अडकते. हरभरा अख्खा द्यायचा बंद. सातू आणि हरभऱ्याचा भरडा, दिवसभराचा मिळून सव्वा किलोच्या आत, त्याच लगद्यात. थोडा शिजवलेला जवस. चमचाभर मीठ. वर गोडं तेल. सुरुवात दोन चमच्यांनी, महिन्याभरात साधारण १०० मिलिलिटर. दाण्याच्या दुप्पट ताकद तेलात असते आणि ते चावावं लागत नाही. काकी तेलाच्या डब्याकडे बघून उसासे टाकायची. "आमच्या कालवणात तवंग दिसंना, आनि घोडीला फोडणी!"

गव्हाचा भुसा मला सोपा वाटत होता; भिजतो छान, खातेही आवडीनं. पण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी. रोज भरपूर घातला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं. आमच्याकडे फुकट मिळणारे उसाचे वाढेही त्याच कारणानं नकोत, त्यातला एक घटक कॅल्शियम अडवून ठेवतो. लसूणघासात मात्र कॅल्शियम भरपूर. म्हणून भुसा ओंजळभर, चवीपुरता. आणि म्हशीची गोळी पेंड तर अजिबात नाही. गुराढोरांच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्यात कधी कधी असं औषध मिसळलेलं असतं की ते त्यांना मानवतं आणि घोड्याला मारतं.

खरा तंटा झाला तो गुळावरून. अण्णा रोज सकाळी तिला सुपारीएवढा खडा द्यायचे. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या घोड्यांना मेंदूतल्या ग्रंथीचा एक आजार होतो. केस लांब वाढतात आणि झडत नाहीत, पाठीचं मांस उतरतं, तहान वाढते. अशा घोड्याला साखर म्हणजे खुरांवर घाला. हिचे केस उन्हाळ्यात झडतात का ते बघू, तोवर गूळ बंद. अण्णा उखडले. "कोल्लापुरात ऱ्हाऊन गूळ न्हाई? मग काय जगायचं तिनं!" मी म्हटलं, मी घालणार नाही आणि तुम्हीही घालायचा नाही. दोन दिवसांनी बघते तर सदऱ्याच्या खिशाला मुंग्या लागलेल्या. :-) (मार्चमध्ये केस व्यवस्थित झडले. तरीही गूळ बंदच आहे, असं निदान मला सांगितलं जातं.)

आणि खरारा. हे मला सगळ्यात उशिरा उमगलं. अण्णा रोज अर्धा तास खरारा करायचे तेव्हा मी समजायची, लाड चाललेत. पावसात ओल्या अंगाला काय करायचा म्हणून मी तो अडीच महिने केलाच नाही. अण्णांना मात्र रोज हातालाच कळत होतं. १९८३ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठातल्या डॉन हेनेके यांनी याच गोष्टीला आकडे दिले: मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचं मूळ. या ६ ठिकाणी बघून आणि हातानं चाचपून १ ते ९ गुण द्यायचे. ५ म्हणजे उत्तम. पोट त्यात नाहीच! सोपी खूण सांगते. मूठ वळा आणि बोटांच्या वर आलेल्या हाडांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर जनावर वाळलंय. आता हात सरळ करून त्याच्या पाठीवरून बोटं फिरवा. हाडं लागतात पण टोचत नाहीत, तसं हवं. गणपतीत आमच्या हरणीला ३ गुण होते, तेही डॉक्टरांनी सढळ हातानं दिलेले.

मग मी शिंपीकाम करणाऱ्या शेजारणीकडून टेप आणली. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ११,८८० नं भागायचं. साधारण वजन किलोत येतं. जंताच्या औषधाचा डोसही वजनावरच ठरतो, त्यामुळे हे लागलंच. सप्टेंबरमध्ये घेर १४२, लांबी १३०, म्हणजे २२१ किलो. गोठ्याच्या दारामागे खडूनं लिहून ठेवलं. दर रविवारी नवा आकडा. पहिले तीन आठवडे काहीच हललं नाही. चौथ्या आठवड्यात तर एक सेंटिमीटर कमी! मी रात्री उठून गोठ्यात जाऊन बसले होते. काळोख, बाहेर परतीचा पाऊस, आणि ती शांतपणे लगदा खातेय. त्या आवाजावरून खातेय की नुसती चघळतेय ते ओळखायचा प्रयत्न करत होते.

अण्णा वॉकर टेकत मागून आले. पुष्कळ वेळ उभे होते.

"बोळे पडल्यात का गव्हाणीखाली?"

मी बॅटरी मारून बघितलं. नव्हते.

"मग झोप जा," म्हणाले.

दिवाळीत घेर १४४ झाला. फेब्रुवारीत १४८, म्हणजे २४० किलो. कण्याच्या बाजूचे खड्डे पूर्ण भरले नाहीत, भरणारही नाहीत बहुतेक. त्या वयात गेलेलं मांस पूर्ण परत येत नाही. पण बरगड्या आता शोधाव्या लागतात. लांब गवताची एक पेंढी आम्ही अजूनही तिच्यापुढे टाकतो. पोट भरायला म्हणून नाही. घोड्याला दिवसभर तोंड चालवायची सवय, रिकामं तोंड त्याला खायला उठतं. ती चघळते आणि बोळे टाकते. आता मी ते मोजते.

मे महिन्यात माळ्याची कौलं शाकारून घेतली, सगळी वैरण प्लास्टिकवर रचली, आणि मी पुण्याला परत आले. अण्णा आता काठी घेऊन चालतात. मधल्या काळात त्यांनी कवळी करून घेतली. ती कपाटात असते आणि अण्णा भाकरी दुधात कुस्करून खातात. यावर घरात कुणी काही बोलायचं नाही असं ठरलंय.

परवा बावड्यात धो धो पाऊस. रेंज येत-जात होती. फोन मीच लावला.

"अण्णा, हरणी खातीया का?"

पलीकडे थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज.

"खातीया का, असं इचारायचं असतंय व्हय?" अण्णा म्हणाले. "आत्ताच टेप लावली. एकशे सत्तेचाळीस."